हात लावू नये

६ ऑगस्ट २००१, सोमवार

आज माझ्या वर्गाची अब्रू गेली, आणि ती घालवणारा माणूस वर आमचाच चहा पिऊन गेला.

शिरोली एमआयडीसीतले बाळासो मगदूम नावाचे एक कारखानदार नोकरीसाठी मुलं निवडायला कॉलेजात आले होते. सोमवारी त्यांच्या कारखान्याला सुट्टी असते, म्हणून आजचा मुहूर्त. आम्ही टेबलावर पांढरं कापड घातलं होतं, पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. या गृहस्थांनी ना मुलांचे मार्क बघितले, ना आवडीनिवडी विचारल्या. खिशातून पंपाचा एक लोखंडी तुकडा काढला, व्हर्निअर पुढे सरकवला आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, "माप घे. आन् ह्यो तुकडा सीएनसीवर करायचा तर पयलं काय करशील, ते सांग." प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची माझी मुलं एकामागून एक आत गेली आणि तोंडं पाडून बाहेर आली. चंदगडच्या केरबानं निदान माप तरी बरोबर घेतलं.

शेवटी मगदूम प्राचार्यांच्या समोर म्हणाले, "सायेब, पोरं गुनाची हायत. डिग्री हाय, विंग्रजी हाय, फकस्त हात न्हाईत." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, सीएनसी तुमीच शिकवतासा न्हवं? मशीन हाय काय?"

"आहे," मी म्हणाले.

"दावा की."

दाखवलं. निळ्या प्लास्टिकच्या कव्हराखाली मशीन आणि वर पाटी, 'हात लावू नये'. मगदूम पाटी वाचून मोठ्यानं हसले. आमचा लॅब अटेंडंट ज्ञानू रोज त्या कव्हरावरची धूळ पुसतो, तोही हसला!

प्रोग्रॅमवर चालणाऱ्या या मशीनचे सगळे कोड मला तोंडपाठ आहेत. मॅन्युअलचं कुठलंही पान विचारावं. माझ्या विषयाचा निकाल शंभर टक्के लागतो. एका लोखंडाच्या तुकड्यावरून माणसांची पारख करणारे हे कोण लागून गेले?

८ ऑगस्ट

विभागप्रमुख इंगवले सरांकडे मशीनची किल्ली मागितली. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "चालू करून काय करणार?"

"मुलांना शिकवणार."

"आणि बिघडलं तर? डेड स्टॉक रजिस्टरला माझी सही आहे, पट्टणशेट्टी मॅडम. तुमची नाही."

तीन वर्षांपूर्वी मान्यतेची कमिटी येणार म्हणून हे मशीन घाईनं आणलं. कमिटीनं बघितलं, मान्यता दिली, त्याच संध्याकाळी कव्हर चढलं, ते खंडेनवमीची पूजा सोडली तर आजतागायत. प्रॅक्टिकल म्हणजे मुलं भोवती गोल करून उभी राहतात, मी कव्हराकडे बोट दाखवून "इथे चक, इथे टूल" असं सांगते आणि मुलं गेल्या वर्षीच्या जर्नलवरून आकृती उतरवून काढतात. गेल्या वर्षीच्यांनी त्याआधीच्यांची उतरवलेली असते. आज चिडून मी स्वतः कव्हर उचलून आतलं दार उघडलं तर तुकडा पकडणाऱ्या चकला तीन जबडे! सगळ्यांच्या जर्नलात चार आहेत. दोन वर्षं सगळे चारच काढतायत आणि मी लाल शाईनं 'छान' असं लिहितेय. इतकी निष्काळजी मुलं मी आयुष्यात पाहिली नाहीत. उद्या वर्गात एकेकाला सोलून काढणार आहे.

३ सप्टेंबर, सोमवार

केएमटीच्या बसनं शिरोलीला जाऊन आले. मगदूमांना म्हटलं, सोमवारी दुपारी आमचं प्रॅक्टिकल असतं, तुमचं मशीन रिकामं असतं, मुलांना येऊ द्या.

"आना की. कोन नको म्हनतंय? पन आदी तुमी चालवून दावायचं."

"मी इथे परीक्षा द्यायला आलेले नाही."

"आवो, मग पोरं कुनाचं बघून शिकनार?"

उठले आणि निघाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. हायवेच्या कडेनं स्टॉपपर्यंत चालत आले, ट्रकवाले हॉर्न मारत होते, मी त्यांच्यावरही ओरडले. मी लेक्चरर आहे. जयसिंगपूरच्या पेठेत आप्पा कापड मोजता मोजता गिऱ्हाइकाला सांगतात, आमची विद्या प्रोफेसर आहे म्हणून. त्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन मी हजेरी लावायची?

१० सप्टेंबर, सोमवार

लावली हजेरी.

सकाळी केरबा आणि संयोगिता स्टाफरूममध्ये आले. संयोगिता कोडोलीची. घरी म्हशी आहेत, पहाटे धारा काढून एसटीनं कॉलेजला येते, आणि बोलणं तिच्या गावासारखंच, आडपडदा नाही. म्हणाली, "मॅडम, अपमान तुमचा झाला हे खरं. पण नोकरी आमची जाणार आहे. हे आमचं शेवटचं वर्ष." मला तोंडात मारल्यासारखं झालं. इंगवले सर म्हणाले, "जा, पण मला काही माहीत नाही." गेलो.

मगदूमांनी मला सरळ मशीनपुढे उभं केलं. प्रोग्रॅम मी न अडखळता टाईप केला, एक अक्षर चुकलं नाही, ते त्यांनीही कबूल केलं. मग हिरवं बटण दाबलं. लोखंड कापणारं टूल सरसर आत गेलं आणि थांबायच्या जागी न थांबता थेट फिरत्या चकवर आदळलं. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. टूलच्या टोकाची कपची उडून दारावर आपटली. सगळा वर्ग मागे पळाला.

"आवो मॅडम! टूलचा शून्य कुटं घेतलासा? मशीनला कसं कळनार तुकडा कुटं हाय ते?"

प्रत्येक वेळी तुकड्याला टूल टेकवून मशीनला शून्य सांगावा लागतो. हे मॅन्युअलमध्ये आहे, मला ते पान आठवतंय, पण तिथे ते असं एका ओळीत दिलंय की जणू आपोआप होतं! आणि या माणसाला दिसत होतं ना मी काय करतेय? मग थांबवायला काय झालं होतं? मुलांसमोर माझा तमाशा करायचा होता त्यांना, दुसरं काही नाही.

नंतर त्यांनी मुलांना मशीनवर घेतलं. संयोगिताला मापं लिहायला बसवलं. म्हणाले, "हिचं अक्षर चांगलं असंल." तिचं अक्षर खरंच चांगलं आहे.

२४ सप्टेंबर, सोमवार

आज कडाक्याचं भांडण. आम्ही शेडवर पोचलो तर टोपलीभर तयार माल आणि कानशी मांडून ठेवलेल्या. "पयलं एवढ्या कडा घासून द्या, मग मशीन." तासभर माझी मुलं कानस मारत होती. मगदूम खुर्चीवर बसून फोनवर कुणाला तरी सांगत होते, पोरं शिकायला येतात, लई चांगलं काम चाललंय.

मी टोपली उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली. "ही मुलं शिकायला आलीत, तुमचा फुकटचा माल घासायला नाही. बोंब मारता की कामाची माणसं मिळत नाहीत. शिकवायला एक दिवस द्यायचा तर त्यातही तुम्ही स्वतःचंच बघणार?"

ते लालभडक झाले. मला वाटलं, आता हाकलणार. पण म्हणाले, "तोंड लई हाय तुमास्नी," आणि मशीनचं दार उघडलं. पुढचा सगळा वेळ माझ्याकडे बघितलं नाही, पण मुलांना हाताला धरून शून्य घ्यायला शिकवलं. मीही मागे उभी राहून शिकले. मागूनच बरं दिसतं.

तिथे बायकांची काही सोय नाही. संयोगिता आणि मी हायवेवरच्या पेट्रोल पंपावर जातो. आजही गेलो.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी कॉलेजात यंत्रपूजा. वर्षातून एकदाच मशीनचं कव्हर निघतं ते आज. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, अक्षता. इंगवले सरांनी नवं धोतर नेसलं होतं. ताट मी धरलं होतं. त्यांनी मशीनच्या कडेवरच नारळ फोडला, चारी बाजूंनी पाणी शिंपडलं, पॅनलवरही ओंजळभर, बटणांना बोटानं कुंकू. ज्ञानूनं फडक्यानं वरवर पुसलं. मासिकासाठी फोटो झाला आणि पुन्हा कव्हर. ज्या मशीनला वर्षभर कुणी हात लावत नाही त्याची एवढी पूजा! माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण खोबरं खाल्लं.

दुपारी मगदूमांकडेही पूजेला बोलावलं होतं. तिथे मशीनच्या पॅनलांना आधीच प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि नारळ फोडला तो बाहेर उंबऱ्याच्या दगडावर. एक कामगार तांब्या घेऊन आत येत होता तर मगदूम केवढ्यानं ओरडले, "ए! पाणी बाहीर!" सणासुदीच्या दिवशीसुद्धा या माणसाला गोड बोलता येत नाही.

१७ डिसेंबर, सोमवार

आज बरं लिहायचंय. तीन महिन्यांत मुलं कुठल्या कुठे गेली! केरबा स्वतः प्रोग्रॅम लिहितो. पण खरी कमाल संयोगिताची. गेल्या महिन्यात तिनं लिहायचं पॅड माझ्या हातात दिलं आणि मुलांना कोपरानं बाजूला सारून मशीनपुढे गेली. आज नवीन तुकडा होता, कुणाचंच माप जुळत नव्हतं. ती कान लावून ऐकत होती, म्हणाली, टूल झिजलंय, आवाज बदललाय. बदललं, आणि माप बसलं.

मगदूम बराच वेळ तुकडा हातात फिरवत होते. म्हणाले, "पोरगी हुशार हाय. नवऱ्याचं नशीब म्हनायचं."

म्हणजे त्यांनाही पटलं एकदाचं. मला फार आनंद झाला.

२४ जानेवारी २००२

पाच महिने प्राचार्यांच्या मागे लागून अखेर किल्ली मिळाली. कमिटी पुन्हा येणार आहे, मशीन चालू दाखवलं तर बरं, हे त्यांना पटलं. वर्ग गोळा केला, कव्हर काढलं, मेन स्विच टाकला. पॅनल क्षणभर उजळलं, आतून चर्र आवाज आला आणि जळका वास सुटला. मग अंधार. परत काही केल्या चालू होईना.

इंगवले सर दारात उभेच होते. म्हणाले, "झालं समाधान?"

२ फेब्रुवारी

पुण्याहून कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यानं पॅनल उघडलं. आत इलेक्ट्रॉनिक कार्डवर पांढरे-हिरवे डाग, आणि बटणांच्या मागे कुंकवाचा थर. "पाणी गेलंय. साधं नाही, चिकट काहीतरी. तसंच महिनोन्महिने राहिलं आणि वीज दिल्याबरोबर कार्ड जळलं."

मला तिथल्या तिथे तो तांब्या घेऊन आत येणारा कामगार आणि मगदूमांची ती आरोळी आठवली. तळपायाची आग मस्तकात गेली. मी मिटिंगमध्ये सरळ सांगितलं, मशीन नारळाच्या पाण्यानं मेलंय.

इंगवले सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे आम्ही पूजा केली हा आमचा गुन्हा?" बस्स. त्यानंतर मशीनबद्दल एक शब्द झाला नाही. जो तो पूजेबद्दल बोलायला लागला. एक जण म्हणाला, मॅडमना देवाधर्माचं वावडं दिसतंय. मी! सोमवारचा उपास करणारी! ताट मीच धरलं होतं, हे सांगून बघितलं तर म्हणतात, मग तेव्हा का नाही बोललात?

मला मेमो मिळाला. कारण, 'परवानगीशिवाय यंत्र हाताळून हानी'. किल्ली प्राचार्यांनी दिली होती, पण ते खिडकीबाहेर बघत होते.

६ मे, सोमवार

पुढच्या सोमवारी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा. इंगवले सरांनी दाखल्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. 'सर्व प्रयोग महाविद्यालयातील यंत्रावर करून घेतले.' खाली माझी सही हवी.

"कुठल्या यंत्रावर?" मी विचारलं.

"दरवर्षी करताच की सही."

"यंदा करणार नाही."

संध्याकाळी मुलं खोलीवर आली. मला वाटलं, शाबासकी द्यायला आलीत. केरबा दारातच म्हणाला, "मॅडम, सही करा की ओ. मगदूमांनी मला घेतो म्हणून शब्द दिलाय. निकालच अडकला तर? तिकडं चंदगडला आईनं अख्ख्या गावाला सांगितलंय." मी त्याच्यावर इतकी ओरडले की घरमालकीण बयाबाई जिन्यातून डोकावली. तत्त्व माझं आणि किंमत त्यांची, हे संयोगितानं पुन्हा एकदा बोलून दाखवलं. ती गेल्यावर सुचलं. परीक्षाच शेडवर घ्यायची.

१३ मे, सोमवार

झाली! बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, सज्जन. शेडवर चला म्हटल्यावर घाबरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिथे मी त्यांना विचारू काय? आम्ही आजवर जर्नलच बघत आलो." मी म्हटलं, "काही विचारू नका सर, फक्त बघा." 'महाविद्यालयातील यंत्रावर' हे शब्द मी प्रत्येक दाखल्यावर खोडले, वर 'कारखान्यातील' लिहिलं, मग सही केली. परीक्षकांनीही निमूट केली.

माझ्या सगळ्या मुलांनी तुकडा बनवला. कुणाचा बरा, कुणाचा ओबडधोबड, पण बनवला. संयोगिताचा तुकडा परीक्षकांनी रुमालात बांधून घरी नेला. मगदूमांनी सगळ्यांना वडापाव खाऊ घातला. मला वाटलं, जिंकलो.

२८ जून

कॉलेजनं माझा करार वाढवला नाही. अकरा महिन्यांच्या नेमणुकीला कारण द्यावं लागत नाही, ते कुणी दिलंही नाही. तरीही मी आज रडले नाही, कारण राग दुसऱ्याच माणसाचा आलाय.

केरबाला आणि आणखी दोघांना मगदूमांनी निकालाआधीच कामावर घेतलं. संयोगिताला नाही. मी तडक शिरोलीला गेले. सगळे कामगार बघत होते, बघू देत.

"सगळ्यांत चांगलं काम कोण करतं?"

"तीच की. म्या कुटं न्हाय म्हनतोय?"

"मग?"

"आवो मॅडम, शेडमदी सगळी बाप्ये. संडास एक. रात्रपाळीला काय करायचं? उद्या काय कमीजास्त झालं तर तिच्या घरची माझ्या दारात. तिचं लगीन ठरलं की जानारच हाय ती. शिकवायचं मी आन् कोन भोगनार?"

"शिकवलं कुठे तुम्ही? तुम्ही तिला मापं लिहायला बसवलं होतंत! ती स्वतः शिकली."

"तेच तर म्हनतोय. शिकली, चांगलं झालं. कुटंबी उपेगी पडंल."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. वर्षभर हात न्हाईत, हात न्हाईत म्हणून गावभर सांगणारा माणूस, त्याच्यासमोर हात आणून ठेवले तर ते बांगड्यांचे निघाले म्हणून नको. एक संडास बांधायला विटा किती लागतात? केरबा मशीनपाशी मान खाली घालून उभा होता. त्याच्यावरही ओरडले. त्यानं काय करायला हवं होतं, ते मलाही माहीत नाही.

१५ जुलै

निकाल लागला. संयोगिता पेढे घेऊन आली. फर्स्ट क्लास. प्रॅक्टिकलला तिला, केरबाला आणि तुकडा कसाबसा ओढून काढणाऱ्यांना, सगळ्यांना सारखेच मार्क. गुणपत्रक म्हणे इंगवले सरांनी आधीच भरून ठेवलं होतं.

पेढा तोंडात असतानाच तिनं सांगितलं, कॉलेजनं तिला बोलावलंय. तासिकेवर लेक्चरर. विषय सीएनसी. माझ्या जागेवर.

"मॅडम, घेऊ का?"

माझ्या मनात काय काय येऊन गेलं! तिचा राग आला, मग माझाच आला. कारखान्याला ती नको, कारण ती मुलगी. कॉलेजला चालते, कारण तिथे मशीन बंद आहे. पोरीला मशीन येतं म्हणून तिला बंद मशीनच्या खोलीत उभं करणार आणि ती मुलांना मी सांगायचे तसं सांगणार, इथे चक असतो, इथे टूल.

तरी मी म्हणाले, "घे. आणि पहिल्या सोमवारी वर्ग घेऊन मगदूमांच्या शेडवर जा. आता तुला ते अहो म्हणतील, बसायला खुर्ची देतील. सगळ्यांसमोर तुकडा बनव आणि विचार त्यांना, काय कमी आहे माझ्यात म्हणून."

मी हे जोरात बोलले. मला वाटलं, ती हसेल, निदान डोळे तरी चमकतील. तिनं पेढ्यांच्या पुड्याला नीट दोरा गुंडाळला.

"मला मॅडम व्हायचंच नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "मला मशीन चालवायचं होतं."

मग साडेपाचची कोडोली गाडी पकडायची म्हणून गेली. धारा काढायची वेळ होत आली होती. मी तिला जरा बस असं म्हणाले नाही. बसवून काय सांगणार होते?